उतरणार कुठे?

कोकणातून मुंबईस निघालेल्या माणसाला घरातील वडीलधारे जो पहिला प्रश्न विचारतात, तो तिकिटाचा किंवा पैशांचा नसतो. ‘उतरणार कुठे?’ हा तो प्रश्न होय. आपल्या भाषेत गाडीतून उतरणे निराळे आणि कुणाकडे उतरणे निराळे. पहिल्याला फलाट पुरतो. दुसऱ्याला ओळख लागते. मुंबईत भाकरी मिळेल, पण पथारी टाकायला जागा मिळणार नाही, असे जुनी माणसे सांगत. रत्नागिरी जिल्ह्यातील घराघराने हे अनुभवाने पडताळून पाहिले आहे.

या प्रश्नाची तीन उत्तरे मी स्वतः पाहिली. १९८३ साली गिरणगावातील गावकीच्या खोलीत दोन रात्री काढल्या. पुढे नोकरीच्या आणि संसाराच्या काळात धर्मशाळांत अनेकदा मुक्काम केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये, सेवानिवृत्तीनंतर, पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या तरुण प्रवाशांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका स्वस्त हॉस्टेलात तीन रात्री राहिलो. आयुष्य बँकेत गेल्यामुळे कोणताही व्यवहार समोर आला की ‘तारण काय?’ असे विचारण्याची सवय जडली आहे. स्वस्त बिछान्यालाही तारण लागते. मात्र ते तिन्ही ठिकाणी निरनिराळे आढळले. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली परीक्षेसाठी वा मुलाखतीसाठी मुंबईस जातात, कुणी आजारी नातलगाला घेऊन जातो. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा हिशेब मांडत आहे.

गावकीची खोली

मुंबईच्या कापड गिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे नाव अग्रभागी होते. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. घरची शेती तुटपुंजी, त्यामुळे पुरुष मुंबईस जाई आणि बायकामुले गावी राहत. अशा एकट्या पुरुषांनी लालबाग, परळ, माझगाव, डोंगरी या भागांत गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. कुणी तिला गावकीची खोली म्हणे, कुणी बैठकीची खोली. चाळीतील एका लहानशा खोलीत वीस-पंचवीस माणसे राहत, क्वचित त्याहूनही अधिक. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत झोपे. रातपाळीचा कामगार सकाळी परतला की पहिल्या पाळीला गेलेल्याची जागा त्याला मिळे. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीलगतची एक पत्र्याची ट्रंक आणि खुंटीवरची वळकटी. भाडे सर्वांच्या वर्गणीतून भागे, जेवण खानावळवाल्या बाईंकडे असे, आणि हिशेबाची वही गावातल्याच एखाद्या विश्वासू माणसाकडे असे.

गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनीही हीच योजना ‘कूड’ या नावाने चालविली. धोबीतलावच्या जेर महालात गोव्यातील निरनिराळ्या गावांचे कूड होते. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी तेथे आपल्या गावाच्या नावावर जागा मिळवी. बिछाना स्वस्त, शिस्त कडक आणि ओळख गावाची, ही तिन्ही लक्षणे दोन्हीकडे सारखीच होती.

माझ्या वडिलांचे रत्नागिरीजवळील एका बाजारगावात किराणा मालाचे दुकान होते. गावातील कितीतरी घरे मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत, आणि ती उशिरा आली की दुकानाच्या वहीत उधारी चढे. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षेसाठी मला मुंबईस जावयाचे होते. तेव्हा एका खातेदाराने वडिलांना सांगितले, “शेठ, मुलाला हॉटेलात कशाला धाडता? आमच्या खोलीवर उतरू द्या.” त्याचा भाऊ लालबागला राहत होता.

गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला होता. मी गेलो तेव्हा त्याला वर्ष उलटून गेले होते. खोलीतील निम्म्याहून अधिक माणसे गावी परतली होती. त्यांच्या ट्रंका मात्र भिंतीलगत तशाच होत्या. मला पाय पसरायला जागा मिळाली ती त्या संपामुळे, ही गोष्ट तेव्हाही मनाला लागली होती. जेवणात इतरांना मासळी असे. माझ्यासाठी खानावळवाल्या बाईंनी निराळ्या पातेल्यात वरण-भात केला, कांदा-लसूण न घालता. परीक्षेच्या दिवशी एक कामगार पहाटे उठून माझ्याबरोबर बसने परीक्षा केंद्रापर्यंत आला. वर्षभर पगार नसलेल्या त्या गृहस्थाने माझे तिकीट काढले. मी पैसे पुढे केले, तर म्हणाला, “तुझ्या बापाच्या वहीत आमचं नाव आहे. तो मागतो का कधी?” त्या खोलीचे तारण मला तेथे कळले. वडिलांनी दिलेली उधारी मुंबईत बिछान्याच्या रूपाने परत मिळत होती.

हिराबाग आणि धर्मशाळांची परंपरा

ज्याला गाव नाही, ज्याची वही कुणाच्या दुकानात नाही, त्याने कोठे जावे? धर्मशाळा हे त्याचे उत्तर होते. मुंबईत सी. पी. टँक येथील हिराबाग धर्मशाळा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. सेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१–१९१४) हे मूळचे सुरतचे. मोत्यांच्या आणि जवाहिराच्या व्यापारात त्यांनी मुंबईत नाव कमावले. वडील हिराचंद यांच्या नावाने त्यांनी १९०५ साली ही धर्मशाळा उभारली. त्यापूर्वीच त्यांनी मुंबईत विद्यार्थ्यांसाठी जैन बोर्डिंग सुरू केले होते. शिकणाऱ्याला आणि प्रवाशाला शहरात प्रथम छप्पर हवे, बाकीचे तो स्वतः मिळवितो, हे त्या व्यापाऱ्याने नेमके ओळखले होते.

हिराबागेचे कार्य निवाऱ्यापुरते राहिले नाही. जानेवारी १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींच्या सत्काराचा एक समारंभ तेथे झाला, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्यास उपस्थित होते. नाथूराम प्रेमी यांच्या ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ या विख्यात प्रकाशनाचा पत्ताही हिराबागच होता. एका वास्तूत यात्रेकरू, विद्वान आणि पुढारी असे सारे येत. आजच्या हॉस्टेलांतील सामायिक दालनाचे जे कौतुक होते, ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

सेठजींच्या कन्या मगनबाई यांचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. तरुणपणी वैधव्य आलेल्या या बाईंनी विधवा आणि निराधार स्त्रियांच्या शिक्षणासाठी श्राविकाश्रम चालविला. धर्मशाळेत स्त्री येई ती कुटुंबाबरोबर. एकटीने शिकू पाहणाऱ्या स्त्रीला राहावयास जागा नव्हती. ती उणीव मगनबाईंनी त्या काळात भरून काढली.

धर्मशाळेचे तारण काय? सहधर्मी असणे, कुणा परिचिताचे पत्र असणे, यात्रेस आलेले असणे. गावकीच्या खोलीपेक्षा हे वर्तुळ मोठे, तरीही ते वर्तुळच होते. त्याची कड कोठे लागते, हे एका बोर्डिंगात घडलेल्या घटनेवरून दिसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला आणि शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची त्यांना आज्ञा झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. शेजारच्या बिछान्यावर कोण झोपणार, हा प्रश्न केवढा मोठा असतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने कळले होते.

नवे हॉस्टेल

स्वस्त हॉस्टेलची कल्पना जर्मनीतील एका शाळामास्तराची. रिचर्ड शिरमान विद्यार्थ्यांना घेऊन १९०९ साली पायी सहलीस निघाले असता वादळी पावसाने गाठले आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत प्रवासी विद्यार्थ्यांची सोय का करू नये, हा विचार त्यांना तेथे सुचला. १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात त्यांचे पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले. आपल्या देशात युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४९ साली स्थापन झाली. पणजीस मिरामार येथील युवा वसतिगृह पुष्कळांनी पाहिले असेल. ही सारी सेवाभावी चळवळ होती. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र खासगी हॉस्टेले निघाली आणि मोबाइलवरून एका बिछान्याचे आरक्षण करता येऊ लागले.

माझे मुंबईतील काम तीन दिवसांचे होते. भाच्याने मोबाइलवर हॉस्टेल शोधून दिले. पहिल्या ठिकाणी माझे वय पाहून नम्र नकार आला. अशा काही हॉस्टेलांत वयाची कमाल मर्यादा असते. काही ठिकाणी मुंबईचाच पत्ता असलेल्या माणसाला घेत नाहीत. अंधेरीतील दुसऱ्या हॉस्टेलाने मात्र त्रेसष्टीचा पाहुणा चालेल असे कळविले. दर रात्रीस साडेसातशे रुपये आणि त्यावर बारा टक्के कर, म्हणजे आठशे चाळीस. तीन रात्रींचे दोन हजार पाचशे वीस. (१८ जुलै २०२२ पासून दिवसास एक हजारापर्यंतच्या खोलीवरही हा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्क्यांवर आला. धार्मिक स्थळाच्या आवारातील एक हजाराखालच्या खोलीला मात्र सूट कायम आहे. विश्वस्त मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.)

कोकणकन्येने पहाटे दादरला उतरून मी तेथे गेलो. बिछाना दुपारनंतर मिळणार होता. तोवर त्यांनी सामान ठेवून घेतले आणि स्नानाची सोय करून दिली. आधार कार्डाची नोंद झाली. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. पाहुण्यांवर अशी नजर ठेवण्याची रीत जुनीच आहे: १८६७ च्या सराय कायद्याने सराईची नोंदणी, स्वच्छता आणि पहारा यांची जबाबदारी चालकावर टाकली होती.

आमच्या खोलीत वर-खाली असे आठ बिछाने होते. प्रत्येकाला पडदा, छोटा दिवा आणि मोबाइल भारित करण्याची सोय. सामानासाठी पेटीवजा कपाट. कुलूप मात्र आपले आपण आणावयाचे. चादर आणि उशीचा अभ्रा हाती दिला गेला, टॉवेलचे पैसे वेगळे. मला खालचा बिछाना मिळावा म्हणून केरळातील एक विद्यार्थी न सांगता वर गेला. खोलीत एक चित्रपटात संधी शोधणारा मुलगा, एक विमानतळावर नव्याने लागलेला कर्मचारी आणि एक वृद्ध फ्रेंच प्रवासी होता. कुणी कुणाला आडनाव विचारले नाही. आपल्याकडे दहा मिनिटांत गाव, व्यवसाय आणि नातेसंबंध निघतात. येथे तीन दिवसांत नावेही अर्धवटच कळली.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने आहाराचा विचार महत्त्वाचा. हॉस्टेलातील स्वयंपाकघर आणि शीतकपाट सर्वांना सामाईक असते. त्यात अंडी आणि सामिष पदार्थही असतात. मी खाखरे, दशम्या, मेतकूट आणि भडंग बरोबर नेले होते. दुपारचे भोजन भुलेश्वर-पायधुनी भागातील भोजनशाळेत होई. सायंकाळी चौविहार पाळावयाचा तर अंधेरी ते भुलेश्वर हे अंतर लोकलच्या गर्दीत सूर्यास्तापूर्वी कापणे दुरापास्त. तेव्हा व्रत-नियम पाळणाऱ्याने हॉस्टेल निवडताना दरापेक्षा भोजनशाळा किती लांब आहे, हे आधी पाहावे. पिण्याच्या उकळलेल्या पाण्यासाठी आपली बाटली आणि लहान विजेची किटली असलेली बरी. ती वापरू देतात की नाही, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे.

जमाखर्च

दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिक दालनात लांज्याची एक मुलगी भेटली. बोलण्याच्या वळणावरून रत्नागिरीकडची म्हणून ओळख झाली. “काका, तुम्ही इथे कसे?” असे तिने विचारले, आणि मीही तिला तेच विचारले. ती स्पर्धा परीक्षेसाठी आली होती आणि मुलींसाठी राखीव असलेल्या खोलीत राहिली होती. तिने प्रथम एका धर्मशाळेत चौकशी केली होती. एकट्या मुलीला खोली देत नाही, वडिलांना किंवा भावाला घेऊन या, असे उत्तर मिळाले. भावाची रजा नव्हती आणि वडिलांना गुडघ्याचे दुखणे. हॉस्टेलने ओळखपत्र पाहिले, पैसे घेतले आणि किल्ली दिली.

त्या मुलीचे उत्तर ऐकून मला गावकीच्या खोलीची दुसरी बाजू दिसली. जिच्या आठवणीने आजही मन भरून येते, त्या खोलीत कोणत्याही स्त्रीला जागा नव्हती. खोली पुरुषांची आणि गाव स्त्रियांचे, अशी ती वाटणी होती. मुंबईला जाऊन परीक्षा देणारी मुलगी त्या योजनेत कुठेच बसत नव्हती. ज्याचे तारण ओळख असते, तेथे ओळख नसलेला बाहेर राहतो. ज्याचे तारण पैसा आणि ओळखपत्र असते, तेथे दार सर्वांना उघडते.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. तिसऱ्या रात्री चित्रपटात संधी शोधणारा तो मुलगा तापाने कण्हत होता. पडद्याआड आम्ही सातजण होतो. मी पाणी दिले, गोळी दिली. सकाळी व्यवस्थापकाने विचारपूस केली आणि जवळच्या डॉक्टरांचा पत्ता दिला, तोही आपुलकीने. पण त्याच्या घरी कळविणारे कुणी नव्हते, कारण त्याचे घर कोठे हे कुणालाच ठाऊक नव्हते. लालबागच्या खोलीत कुणाला ताप आला असता, तर निरोप दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने गावात पोहोचला असता.

आपल्या धर्मशाळांपुढचा प्रश्न

या दोहोंच्या मधली जागा धर्मशाळेची आहे. अनोळखी माणसाला ठेवून घेणारी आणि तरीही त्याची विचारपूस करणारी अशी संस्था आपल्या पूर्वजांनी उभी करून ठेवली आहे. मोठ्या शहरातील मोक्याच्या जागा, ज्या आज कोणत्याही भावाने विकत घेता येणार नाहीत, त्यांच्या हाती आहेत. त्यांचे पुनर्बांधकाम होते तेव्हा वातानुकूलित खोल्या वाढतात, लग्नाचे सभागृह होते आणि एकट्याने येणाऱ्याची ओसरी नाहीशी होते. ताळेबंद उत्तम दिसतो. पण संस्था ज्याच्यासाठी स्थापन झाली, तो प्रवासी त्या ताळेबंदात कोठेच नसतो.

विश्वस्त मंडळांनी विचारात घ्याव्यात अशा चार गोष्टी सुचवितो. एक, नव्या इमारतीत एक मजला एकट्या प्रवाशांच्या सामायिक शयनगृहांसाठी ठेवावा, आणि त्यात मुलींचे शयनगृह स्वतंत्र, स्त्री-व्यवस्थापिकेच्या देखरेखीखाली असावे. दोन, परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा रुग्णालयाचा कागद हीच ओळखीची चिठ्ठी मानावी. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना आणि नातलगांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार अशाच रीतीने लाभत आला आहे. तीन, आरक्षण मोबाइलवरून व्हावे. फोन न उचलणारे कार्यालय दूरच्या माणसाला नकाराइतकेच वाटते. चार, दर आकारताना एक रुपयाचाही तोटा नको असे ठरवू नये, आणि फुकटही देऊ नये. शयनगृहाचा खर्च सभागृहाच्या उत्पन्नातून भागवावा आणि त्याचा स्वतंत्र हिशेब वार्षिक अहवालात छापावा, म्हणजे दात्यांनाही कळेल.

शिस्तीचे नियम मात्र सैल करू नयेत. आहार, व्यसन, वेळ यांबाबतचे नियम हीच धर्मशाळेची ओळख आहे, आणि पालक मुलींना तेथे निर्धास्तपणे पाठवतील ते त्यामुळेच. हे नियम पाळायला तयार असलेल्या माणसाला त्याचे आडनाव विचारण्याची गरज आहे का, याचा निर्णय प्रत्येक मंडळाने करावा. कर्मवीरांनी तो शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात केला होता.

लांज्याची ती मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली, असे तिच्या वडिलांनी नंतर कळविले. पुढील टप्प्याच्या मुलाखतीस ती पुन्हा मुंबईस जाणार आहे. कोठे उतरणार, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हॉस्टेलातच. तिथे तिला कुणी परत पाठवीत नाही.”